बिनझोळाचं जाकीट

कपड्याला पडलेला झोळ टाकेबाईला बघवत नसे. रस्त्याने जाताना पुढच्या माणसाच्या पाठीवर सदरा फुगलेला दिसला की तिचे हात शिवशिवायचे. माणूस ओळखीचा निघाला तर ती त्याला थांबवायची, खांद्यावरचं कापड चिमटीत धरायची आणि "इथून घ्यायला हवाय" असं बजावूनच पुढे जाऊ द्यायची. लोक वैतागायचे, पण कपडे तिच्याचकडे टाकायचे. टाकेबाई हे काही तिचं खरं नाव नव्हतं. कुणी नुसतं बटण लावायला दिलं तरी ती न विचारता आणखी चार टाके घालून द्यायची, म्हणून ते पडलं होतं, आणि आता विजेचं बिल सोडलं तर सगळीकडे तेच चालत होतं.

तिचा नवरा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर होता. टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायचं आणि वेळ झाली की व्हॉल्व्ह उघडून वस्तीला सोडायचं, हे त्याचं काम. पंपघराच्या कुंपणातच दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिची शिलाई मशीन, मागच्या खोलीत उरलेला संसार. लग्न होऊन ती आली इथेच आणि मुलगी लहानाची मोठी झाली तीही इथेच. पंपांची घरघर इतकी अंगवळणी पडली होती की वीज गेली की त्या शांततेनेच तिला जाग यायची.

ऑपरेटर बोलायला महाकंजूष. पंपांचा विषय निघाला तर मात्र त्याची जीभ सैल व्हायची. दारात चहा पिता पिता तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, दोन नंबर भरून चाललाय, तीन नंबर हवा धरतोय. पंप जड वाजला की लोकांना वाटतं बिघडला, पण जड वाजतो तोच पाणी उचलत असतो, असं त्याचं म्हणणं. हलका, गोड वाजायला लागला की समजावं, कोरडा फिरतोय. मग हातातला चहा टाकून धावायचं आणि बंद करायचा, नाहीतर जळतो. टाकेबाईने हे इतक्यांदा ऐकलं होतं की ते तिच्या एका कानातून शिरून दुसऱ्यातून कधी निघून जायचं ते तिलाही कळत नसे.

एका सकाळी तो दाढी करून बाहेर आला तो अर्ध्या चेहऱ्याला साबण तसाच ठेवून. उजवा गाल गुळगुळीत आणि डावा पांढराफेक. त्याच्या मते दाढी झाली होती. टाकेबाई पोट धरून हसली. पुढे त्या हसण्याचं तिला फार वाईट वाटलं, पण तेव्हा ती हसली खरी. तो आरशाकडे परत वळला आणि वळता वळताच डाव्या अंगावर कोसळला.

मेंदूत गुठळी अडकली होती. जीव वाचला, डावी बाजू गेली. हात हळूहळू थोडा परत आला. बोलणं जड झालं, पण आधीच इतकं कमी होतं की ओळखीच्यांना फारसा फरक जाणवला नाही. पाय मात्र कुणाकडून उसना आणल्यासारखा अंगाला नुसता लागून होता.

खात्याचे साहेब भेटायला आले. माणूस सज्जन होता, आणि सज्जन माणसाच्या तोंडून वाईट बातमी जास्तच लागते. आजारपणाची रजा संपेपर्यंत कुणी काही विचारणार नाही, ते म्हणाले. त्यानंतर खात्याचे डॉक्टर पंपघरातच येऊन बघतील. दारापासून व्हॉल्व्हच्या चौथऱ्यापर्यंत चालायचं, लोखंडी पायऱ्या चढायच्या, चाक फिरवायचं, परत यायचं. कशालाही आणि कुणालाही न धरता. जमलं तर नोकरी आहे, क्वार्टरही आहे. नाही जमलं तर मुदतीआधी निवृत्ती आणि क्वार्टर रिकामं, कारण पंपघराला राहता ऑपरेटर लागतो.

रिकामं करून जायचं कुठे, तर मुलीकडे. मुलगी लांबच्या शहरात, चौथ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. जावई स्वभावाने चांगला होता, पण चांगुलपणालाही जागा लागते आणि त्या घरात ती नव्हती. मुलगी फोनवर म्हणाली, आई, तुम्ही दोघं या, काही विचार करू नका. मग म्हणाली, मशीनचं तेवढं बघावं लागेल. टाकेबाईने फोन ठेवला आणि मशीनवरचं झाकण काढून उगाचच तेल घातलं. तेव्हापासून तिचा जीव त्या एका पायावर होता.

इस्पितळाच्या तळघरात व्यायामाचा विभाग होता. तिथे एक ट्रेडमिल होती आणि तिच्यावर दरवाज्याच्या चौकटीसारखी उंच लोखंडी चौकट. पेशंटच्या अंगात जाड जाकीट चढवायचं, त्याच्या मांड्यांखालून पट्ट्या घ्यायच्या, आणि खांद्यांवरच्या कड्यांना वरून दोन बंद लावायचे. मग माणूस थोडा वर उचलला जाई आणि पायावर निम्माशिम्माच भार येई. खाली पट्टा फिरू लागला की पाय आपसूक मागे जाई. फिजिओ, म्हणजे तिथली व्यायाम घेणारी मुलगी, शेजारी बुटक्या स्टुलावर बसून दुबळं पाऊल हाताने पुढे टाकून देई. पोहायला शिकवताना पोटाखाली हात धरतात ना, तसंच आहे हे, ती म्हणाली. मग तो हात हळूहळू काढायचा. दर आठवड्याला वरचे बंद थोडे सैल करायचे, म्हणजे भार पायावर येत जाईल आणि पाय स्वतःचं काम शिकेल. हा हात काढणंच खरं औषध, हेही ती म्हणाली होती. टाकेबाईने मान डोलावली होती.

पहिल्या दिवशी सगळा तमाशाच झाला. इस्पितळातलं जाकीट एखाद्या पैलवानासाठी शिवलेलं असावं. चिकटपट्ट्यांचा दम कधीच संपला होता. किती वजन उचललं जातंय ते दाखवणारा वरचा काटा तर फिजिओ नोकरीला लागली त्याआधीपासून बंद होता. ऑपरेटर त्यात वाळत घातलेल्या कोटासारखा लोंबला आणि जाकीट सरकून त्याच्या कानांपर्यंत आलं. टाकेबाईला त्याच्या पायाच्या आधी तो झोळच दिसला. हे कुणी शिवलंय, असं तिने विचारलं, आणि फिजिओ हसून म्हणाली, काकू, तुम्हीच द्या ना एक शिवून.

तिने दिलं. दुहेरी कॅनव्हास, आतून जुन्या रजईचं अस्तर, मांड्यांना घट्ट विणीच्या पट्ट्या, प्रत्येक सांध्याला तिहेरी शिलाई. नवऱ्याची मापं तिला वर्षानुवर्षं तोंडपाठ होती आणि टेप लावायची कधी गरज पडली नव्हती. या वेळी लावला, तर छाती, खांदे, कंबर सगळंच आत गेलं होतं. वरच्या बंदांवरही तिने लाल दोऱ्याने खुणा घालून दिल्या, म्हणजे फिजिओला दर आठवड्याला बकल पुढच्या खुणेवर सरकवलं की झालं. सगळ्या विभागात त्या जाकिटाचं कौतुक झालं. फिजिओला तर हायसं वाटलं, कारण ती एकटी आणि एका वेळी तिघे पेशंट. जाकीट चढवायचं, काढायचं आणि घामाने भिजलं की घरी नेऊन धुवायचं काम तिने टाकेबाईवर सोपवून टाकलं.

पट्टा फिरायचा. उजवं पाऊल टप पडायचं आणि डावं खर्र करून घासत यायचं. टप, खर्र. टाकेबाई समोरच्या स्टुलावर बसून ऐकायची. त्या खर्रने तिच्या अंगावर काटा यायचा.

पहिल्या खुणेपर्यंत बंद सैल केले तेव्हा विशेष काही झालं नाही. दुसऱ्या खुणेला मात्र ऑपरेटरचा गुडघा दुमडला. तो बंदांमध्ये बसल्यासारखा झाला, डावा बूट पट्ट्यावर खर्रर करत फरफटत मागे गेला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. पलीकडच्या खाटेवर एका पेशंटची बहीण बसली होती, तिने शरमल्यासारखी मान फिरवली. आयुष्यभर चाकं फिरवून पाण्याला वाट दिलेला हा माणूस, आणि परक्या बाईने त्याच्यावरून नजर काढून घ्यावी, हे टाकेबाईला सोसलं नाही. फिजिओ म्हणत होती, चांगलं आहे काका, भार येतोय, हे असंच होणार. टाकेबाईच्या कानात ते गेलं, पण डोक्यापर्यंत पोचलं नाही.

घरी जाकीट धुऊन वाळल्यावर तिने ते नवऱ्याच्या अंगावर चढवून पाहिलं. खांद्यावर झोळ होता. यात खोटं काही नव्हतं, तो खरंच आणखी वाळला होता. तिने चिमटीत धरलं, खडूची रेघ मारली आणि खांदे दोन बोटं आत घेतले. मांडीच्या पट्ट्याही तेवढ्याच आखूड केल्या. कुठल्याही शिवणाऱ्या बाईने हेच केलं असतं. जाकीट अंगाला कसं चोपून बसलं.

पुढच्या खेपेला ते चढवलं, बंद लाल खुणेवरच लावले, आणि पट्टा सुरू झाला. टप, टप. खर्र नव्हता. गुडघा वाकला नाही. फिजिओने दोनदा वाकून पाऊल बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. खांद्यापासून मांडीपर्यंत जाकीट आखूड झालं की आतला माणूस तेवढाच वर उचलला जातो, हे गणित काही अवघड नव्हतं. बंदांनी जे सोडलं होतं ते जाकिटाने परत ओढून घेतलं होतं. पण फिजिओची नजर बंदांवरच्या लाल खुणांवर होती, आणि खुणा बरोबर होत्या.

इथून पुढे टाकेबाईला काहीच कळत नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. सगळं कळत होतं असं म्हणणंही पुरतं खरं नाही. फिजिओ दर आठवड्याला बंद सैल करायची आणि टाकेबाई दर आठवड्याला जाकीट धुवायला घरी न्यायची. वाळलं की त्यात कुठेतरी झोळ दिसायचाच. शोधणाऱ्याला झोळ कुठेही दिसतो. चिमटी, खडू, सुई. हा फिटिंगचा प्रश्न आहे असं ती स्वतःला सांगायची, आणि फिटिंगमध्ये तिला कोण शिकवणार. एकदा सुईत दोरा ओवताना तिच्या मनात आलं की फिजिओला विचारावं. मग डोळ्यांपुढे त्या पेशंटच्या बहिणीची फिरलेली मान आली, आणि तिने दोरा ओवला.

बाकी सगळं कसं छान चाललं होतं. ट्रेडमिलचा वेग वाढला. ऑपरेटर पट्ट्यावर ताठ चालायचा, इतका की आजूबाजूचे पेशंट बघत राहायचे आणि त्यांचे नातेवाईक आपापल्या माणसाला सांगायचे, बघा, ते काका बघा. टाकेबाईला असा हुरूप आला की रखडलेली सगळी शिलाई तिने हातावेगळी केली. मुलीला फोन करून सांगितलं की आम्ही काही येत नाही, तुझे बाबा पळायचेच बाकी आहेत.

जमिनीवर मात्र गाडी अडायची. दोन आडव्या दांड्यांमध्ये उभं केलं की तो उजव्या हाताने दांडी अशी आवळायचा की सगळं अंग त्या हातावरच यायचं. व्हॉल्व्हची चाकं फिरवून तो हात लोखंडासारखा झाला होता. हात सोडा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. फिजिओच्या कपाळाला आठी पडायची. पट्ट्यावर इतकं सुंदर चालतात आणि इथे का बिचकतात कळत नाही, भीती बसली असेल, ती म्हणायची, आणि घरी सराव करायला सांगायची. घरी टाकेबाईचा हात त्याच्या कमरेला असायचाच. तो लडखडायच्या आत ती सावरायची.

असंच एकदा इस्पितळातून परतताना ऑपरेटर रिक्षात मध्येच म्हणाला, "आवाज हलका येतो पायाचा."

"येणारच. सुधारताय तुम्ही," टाकेबाई म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मान वळवली आणि रस्त्याकडे बघत बसला. टाकेबाईने ते बोलणंही मुलीला फोनवर कौतुकाने सांगितलं.

परीक्षेचा दिवस उजाडला. तिने त्याला नवा सदरा शिवला होता. साहेब आले, खात्याचे डॉक्टर आले. इतके महिने ऑपरेटरचं काम सांभाळणारा बदली माणूस कोपऱ्यात अवघडून उभा राहिला. टाकी भरून झाली होती आणि पंप बंद होते, त्यामुळे पंपघरात इतकी शांतता होती की कुणी घसा खाकरला तरी घुमत होता. डॉक्टरांनी ऑपरेटरच्या हातातली काठी मागून घेतली. टाकेबाईला दाराबाहेर थांबायला सांगितलं. ती उंबऱ्याशी उभी राहिली.

ऑपरेटरने उजवा पाय टाकला. मग डावा.

खर्र.

तो आवाज टाकेबाईने ट्रेडमिलवर कित्येक आठवड्यांत ऐकला नव्हता, आणि घरी तिचा हात तो उठू देत नसे. त्या एका क्षणात तिला सगळं दिसलं, प्रत्येक चिमटी, खडूची प्रत्येक रेघ. थांबा, असं ओरडावंसं वाटलं. तो चालतच होता. टप, खर्र. चौथऱ्याच्या पायऱ्या अजून लांब होत्या. त्याने डाव्या पायावर भार दिला, आणि तो पाय कधी भार घ्यायला शिकलाच नव्हता. गुडघा दुमडला. वर बंद नव्हते. तो दोन नंबरच्या पंपाच्या कठड्यावर तोंडघशी आपटला.

ती धावली. तिने त्याला खांद्यांना धरून उचलायला पाहिलं, तर हातात नुसतं सदऱ्याचं कापड आलं, दोन्ही चिमट्यांत. बदली माणसाने आणि साहेबांनी मिळून त्याला खुर्चीत बसवलं. भुवई फाटली होती आणि नव्या सदऱ्यावर रक्त उतरत होतं. डॉक्टर जखम पुसता पुसता म्हणाले की वाईट वाटून घेऊ नका, या वयात असं होतं. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत राहायला परवानगी दिली. दोघंही चांगलं वागले. कुणी वाईट वागलं असतं तर टाकेबाईला राग तरी काढता आला असता.

दुपारी ऑपरेटर कपाळाला पट्टी लावून खाटेवर पडला होता. ती खाली फरशीवर बसली होती. ती म्हणाली, "अहो, मी जाकीट आवळत होते. दर वेळी. तुमचा भार मीच काढून घेत होते."

"माहीत आहे."

तिने वर बघितलं.

"आवाजावरून," तो म्हणाला. शब्द एकेक करून येत होते. "आवळलंस त्याच दिवशी कळलं. पाय हलका वाजत होता. कोरडा."

"मग बोलला का नाहीत?"

बाहेर बदली माणसाने पंप सुरू केला. भिंतीला ओळखीची थरथर आली, तेव्हा कुठे तो बोलला.

"रोज ठरवायचो, आज सांगतो. पण चालल्यासारखं वाटायचं गं. बंद करवेना."

टाकेबाईचं डोकंच फिरलं. आयुष्यभर माझे कान किटवलेत, ती म्हणाली, हलका वाजला की धावा आणि बंद करा, आणि स्वतःच्या पायाच्या वेळी तोंड शिवून बसलात. ती खूप बोलली, नको ते बोलली. चौथ्या मजल्याचं बोलली, मशीनचं बोलली, त्याच्या मुक्या स्वभावाचे सगळे जुने हिशेब काढले. तो ऐकून घेत होता. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपण ज्याला झोडपतोय त्याच्याहून मोठा गुन्हा आपला आहे, तरी तिला थांबता येईना. शेवटी दम संपला तेव्हा तिने त्याच्या पायाशी डोकं टेकलं, डाव्या पायाशी, आणि रडली. त्या पायाला ते कळलं की नाही कोण जाणे.

बदली माणूस कायम झाला. त्याची बायको क्वार्टर बघायला आली. टाकेबाईच्या मुलीच्याच वयाची, भिडस्त. खोल्या बघून झाल्या, ओटा बघून झाला, आणि जाताना ती चाचरत म्हणाली की मावशी, तुम्ही शिवता असं ऐकलं, खिडक्यांना पडदे शिवून द्याल का, जाण्याआधी. टाकेबाईला क्षणभर वाटलं हिला हाकलून द्यावं. पण त्या पोरीला बोलण्यातला घाव कळलाच नव्हता, आणि शिवायला आलेलं काम परत पाठवायची टाकेबाईला सवय नव्हती. खिडक्यांचं माप घ्यायची गरज नव्हती. तिने पडदे शिवले आणि स्वतःच्या हाताने अडकवूनही दिले. एकालाही झोळ नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी इस्पितळातली शेवटची पाळी होती. त्याआधी सकाळी तिने जाकीट मांडीवर घेतलं आणि सगळे टाके उसवले. खांद्यातून, मांडीच्या पट्ट्यांतून आत दाबलेल्या कापडाची माया बाहेर येत गेली. चांगली वीतभर निघाली असेल. कापडावर जुन्या खडूच्या रेघा एकीखाली एक तशाच होत्या. तिने पहिल्या मापावर शिलाई मारली, आणि झाल्यावर ते नुसतं हातात धरून बसून राहिली.

तळघरात गेल्यावर तिने फिजिओला सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. फिजिओ रागावेल असं तिला वाटलं होतं, बरंही वाटलं असतं. पण ती पोरगी पांढरी पडली आणि स्टुलावर बसली.

"मी बंदच बघत होते, काकू," ती म्हणाली. "जाकिटाकडे बघितलंच नाही मी."

मग तिने सांगितलं की पहिल्यापासून सुरू करावं लागेल, अगदी तळापासून. त्या शहरात असं यंत्र कुठे आहे ते ती विचारून ठेवेल, बहुतेक मोठी रांग असेल. वेळ गेलाय, पण सगळाच गेला असं नाही. हे शेवटचं ती जमिनीकडे बघत म्हणाली. हे जाकीट पुढच्या पेशंटला राहू द्याल का, असंही तिने विचारलं, आणि टाकेबाईने मानेनेच हो म्हटलं.

ऑपरेटरला पट्ट्यावर चढवलं. जाकीट त्याच्या अंगावर ढगळ दिसत होतं, खांद्यांवर मोठा झोळ. पहिल्यापासून सुरू करायचं म्हणून फिजिओ बंद वर घ्यायला लागली, तसा त्याने उजवा हात तिच्या मनगटावर ठेवला.

"थोडा वेळ राहू दे," तो म्हणाला. "आहे तसं."

फिजिओने टाकेबाईकडे बघितलं. मग बंद होते त्याच खुणेवर सोडून दिले. पट्टा अगदी मंद सुरू झाला. डावा गुडघा पहिल्याच पावलाला दुमडला, तो बंदांमध्ये बसला, त्याने उजव्या हाताने स्वतःला वर ओढलं आणि पुन्हा पाऊल टाकलं. खर्र. पुन्हा बसला. कपाळावरच्या अर्धवट भरलेल्या जखमेवरून घाम ओघळत होता. पलीकडच्या खाटेवरच्या कुणीतरी मान फिरवली. टाकेबाई समोरच्या स्टुलावर बसली होती आणि तिचे हात शिवशिवत होते. जाकिटाचे खांदे तिच्यापासून हातभर अंतरावर होते.

तिने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

"आता जड वाजतोय," ऑपरेटर धापा टाकत म्हणाला.

"ऐकतेय," ती म्हणाली.

पाळीची वेळ संपत आली होती, बाहेर पुढचा पेशंट चाकाच्या खुर्चीत येऊन थांबला होता, आणि घरी सामान बांधायचं राहिलं होतं. डावा बूट पुन्हा घासत पुढे आला. टाकेबाईने मांड्यांखालचे हात काढले नाहीत.